उभ्यानं न येणारं गाणं

रोवण्याच्या दिवसांत आमची शाळा अर्धी झोपेत असते. खोटं कशाला बोलू, मीही असते. खिचडीचा वास वर्गात रेंगाळत असतो, आभाळ कौलांना टेकलेलं असतं आणि खिडकीपलीकडच्या बांध्यांतून बायांची गाणी येतात. पाणी भरलेल्या धानाच्या शेताच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. बाया ओळीने वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, रोवत मागे मागे सरकतात आणि गाणंही त्यांच्यासोबत सरकत जातं, आत्ता खिडकीशी, मग पार तलावाच्या पाळीपाशी. फळ्यावर अपूर्णांक लिहिता लिहिता माझा हात थांबायचा. आपण वर्गात आहोत की पाण्यात, हेच कळेनासं व्हायचं.

मी भंडाऱ्याहून कारध्याचा पूल ओलांडून करडीकडच्या एका खेड्यात शिकवायला जाते. स्वभाव तापट, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. त्या वर्षी कला-संगीताच्या अनुदानाचं परिपत्रक आलं. शाळेने गावातला एखादा कलावंत सुचवायचा, शिक्षण खात्याचे साहेब येऊन ऐकणार, पटलं तर आठवड्यातून एक दिवस त्याला मानधनावर नेमणार. मुख्याध्यापकांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच पाहा मॅडम, मला या भानगडीत पाडू नका."

बाकीच्या शाळा पेटी-तबल्यावाले गुरुजी शोधत होत्या. मला मात्र त्या बांधीतला एक आवाज हवा होता. बाकी बाया ज्याच्यामागे गायच्या, तो. चपला हातात घेऊन, चिखल तुडवत मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेले. ती निघाली आमच्याच पाचवीतल्या एका मुलीची आई.

"शाळेत गाणं शिकवाल का?"

"मी? चौथीतूनच शाळा सुटली जी माही." मग तिने चिखलाचे हात पाण्यात बुडवून धुतले, पदराला पुसले, आणि हळूच विचारलं, "पोरीच्या शाळेत? मले घेतीन का ते लोकं?"

त्या दिवसापासून मी स्कूटी लावली की ती धुऱ्यावरून ओरडायची, "मॅडम, सायेब कधी येऊन राहिले?" एखादी गोष्ट इतक्या उघडपणे हवी असलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आपण तर असं काही हवं असलं की लपवतो. मला तर बाई भीतीच वाटायला लागली. थोडा सराव करू या म्हटलं तर हसली. "सराव कायचा? रोजच तं गाऊन राहिली मी." मलाही ते पटलं. तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली.

साहेब आले. ती हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल चोपडून आली होती. मी तिला फळ्यासमोर उभं केलं, कवितेला मुलांना करते तसं, हात बाजूला, मान ताठ. तिने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. दुसऱ्या रांगेत तिची मुलगी वहीत डोकं खुपसून बसली होती.

"गा ना आता! एरवी तर शिवार डोक्यावर घेता!" मी दात चावत म्हटलं.

"उभ्यानं येत नाही जी. हात रिकामे आहेत ना."

"काहून नाही येत?" रागाच्या भरात माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "राहू द्या. पुढच्या वर्षी पाहू."

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लुगडं वर खोचलं आणि फरशीवर कमरेत वाकली. डाव्या हातात नसलेली पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताची बोटं फरशीत खुपसायची. एक, दोन, तीन, पाऊल मागे. एक, दोन, तीन. चौथ्याला गाणं आलं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. सासरी वाट पाहणाऱ्या बहिणीचं गाणं होतं, भाऊ काही येत नव्हता. ती मुलांच्या दोन रांगांमधून मागे मागे सरकत होती आणि तिच्यापुढे वर्ग हिरवा होत गेला. देवाशपथ सांगते, पुढच्या मुलींनी बसल्या बसल्या पाय वर घेतले, पाण्यातून काढावे तसे. साहेबांनीही खुर्ची मागे ओढून तिला वाट दिली. मागची भिंत पाठीला लागली तेव्हा ती थांबली.

"दिवसाला किती बांध्या होतात?" साहेबांनी विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि गेले.

पत्र काही येईना. मी तिला उभं करून तिची फजिती केली, हे मला रात्रंदिवस खात होतं. ती आता धुऱ्यावरून काही विचारत नव्हती. मला पाहिलं की नुसती हसायची, आणि त्या हसण्याने माझा जीव अर्धा व्हायचा. धान लोंबीवर आलं तेव्हा मंजुरीचं पत्र आलं. मी चपला न घालताच तिच्या घरी पळाले.

शुक्रवारी ती वर्गाच्या दारात आली. तेच हिरवं लुगडं. मुलं धडाधड उठली आणि एका सुरात ओरडली, "नमस्ते मॅडम!"

ती पटकन दारातून बाजूला झाली, डोक्यावर पदर घेतला आणि कोण आलं म्हणून मागे वळून पाहू लागली. अंगणात कोणीच नव्हतं. मी तर फळ्यापाशी आतच उभी होते.

दुसऱ्या रांगेतून तिची मुलगी म्हणाली, "तुलेच म्हणून राहिले व माय."