नळ्यांची भिंत

मंजुळाबाई न बघता पुन्हा एखाद्या नळीत हात घालतील, ही काळजी सुजाताच्या डोक्यातून काही केल्या जाईना. कंपनीच्या लॅबमध्ये प्लास्टिकच्या दाण्यांचा नमुना तपासताना, सकाळी पोळ्या लाटताना, नवऱ्याशी, प्रकाशशी, भलत्याच विषयावर बोलत असतानाही तिला मध्येच तो हात दिसे. सावळा, बोटांना सुताने पडलेले घट्टे, आणि कशालाही न बिचकणारा.

खरं म्हणजे काळजी करायची तर स्वतःच्या मुलीची. कोळी चावला होता तो शर्वरीला. पण शर्वरीच्या बोटाची सूज ओसरली होती आणि शाळेत सगळ्यांना ते बोट दाखवून तिचा भाव चांगलाच वधारला होता. मंजुळाबाई मात्र त्याच खोलीत, त्याच नळ्यांच्या भिंतीला पाय लावून झोपत होत्या आणि तिथून हलायला तयार नव्हत्या.

त्यांचं हे न हलणं सिल्वासातल्या डोकमर्डीच्या त्या चाळीला नवीन नव्हतं. शिरपूरकडच्या एका खेड्यातून नवऱ्याचं, नथूचं, बोट धरून त्या सिल्वासाला आल्या, तेव्हा चाळीच्या मागे अजून भातशेती होती. नथू सुताच्या कारखान्यात मशीनवर आणि त्या त्याच कारखान्यात पॅकिंगला. पुढे नथू काविळीने गेला. तेराव्याला गावाहून दीर टेम्पो घेऊनच आले. एकट्या बाईने परमुलखात राहून काय करायचं, असं म्हणत त्यांनी सामान भरायला सुरुवात केली. मंजुळाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, सामान न्या, मी नाही येत. दिरांना वाटलं, सामान गेलं की बाई आपोआप मागे येईल. त्यांनी खाट नेली, कपाट नेलं, पितळी हंडाही नेला. चाळीतले लोक अजून सांगतात, टेम्पोत सगळं मावलं, फक्त बाई मावली नाही.

मग कारखान्यात पॅकिंगची मशीनं आली आणि बायकांना घरी बसवलं. मंजुळाबाई घरी बसल्या, पण रिकाम्या नाही. कामावर जाणाऱ्या आयांची पोरं त्या सांभाळायला लागल्या. आधी चाळीतली, मग शेजारच्या नव्या इमारतींतली. नाशिकहून नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या सुजाताने दोन पाळणाघरं बघितली, तिथल्या रडणाऱ्या मुलांकडे बघून ती परत फिरली, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून या खोलीत डोकावली. मंजुळाबाई एका पोराला भरवत होत्या आणि दुसऱ्याला रागावत होत्या. शर्वरी आईचा हात सोडून सरळ आत गेली. ती गेली ती गेलीच.

खोली एकच. एका कोपऱ्यात गॅस, उरलेल्या जागेत पोरं. मध्ये आडोसा हवा म्हणून मंजुळाबाईंनी भिंत बांधली होती, सुताच्या नळ्यांची. कारखान्यात ज्यांच्यावर सूत गुंडाळतात त्या पुठ्ठ्याच्या जाड नळ्या. चेपलेल्या असल्या की भंगारात जातात. डोकमर्डीत कुणी त्यांत अगरबत्त्या ठेवतं, कुणी वेलींना आधार देतं. मंजुळाबाईंनी त्या आडव्या रचल्या, वाया गेलेल्या रंगीत सुताने एकमेकींना बांधल्या आणि छातीएवढी भिंत उभी केली. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसे. वरच्या नळ्यांत चमचे, फण्या, औषधाच्या बाटल्या. खालच्या नळ्या पोरांच्या. प्रत्येकाची आपली नळी, तिच्यात खडू, गोट्या, बाहुलीचा हात, काय असेल ते.

आणि बाकीच्या नळ्यांत कोळी.

ते तिथे असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक मोठा, तळहाताएवढा, चपटा, भिंतीवर डागासारखा बसून राहणारा. त्याच्याबद्दल सुजाताने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मंजुळाबाई म्हणाल्या, "तो झुरळं खातो, ताई. या खोलीत वेळेवर भाडं देणारा तेवढा एकच."

दुसरे होते बारीक, फिकट पिवळे. दिवसा नळीच्या तोंडाशी पांढरी पिशवी विणून आत गुपचूप पडून राहायचे. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यातलाच एक मंजुळाबाईंच्या अंगठ्याला डसला. त्यांनी चुना लावला, दोन दिवस डाव्या हाताने भाकरी थापली आणि विषय संपवला.

संपला नव्हता. श्रावण लागला आणि कानबाई देवीचा सण जवळ आला. खानदेशातल्या घरात कानबाई बसायची म्हणजे आधी घराचा कोपरा न् कोपरा साफ व्हावा लागतो, नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडून, धुऊन, वाळवून वेगळे ठेवावे लागतात. गावाकडे भावकीत कानबाई बसते, पण मंजुळाबाईंनी दिरांकडे जाणं कधीच सोडलं होतं. आपल्या खोलीत आपली कानबाई त्या एकट्या बसवत. यंदा घर झाडताना भिंत सोडवायचा त्यांना कंटाळा आला. गावी कणगीतले किडे घालवायला करतात तसा त्यांनी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. तवाभर निखारे, वर पाला, आणि भिंतीला खालून वर धुरी. वरच्या नळ्यांतून धूर निघताना बघून त्यांना समाधान वाटलं. कोळी गेले, त्यांनी जाहीर केलं.

कोळी गेले नव्हते. धूर वर चढला, ते खाली उतरले, पोरांच्या नळ्यांत. दुसऱ्या दिवशी शर्वरीने हिरवा खडू काढायला हात घातला.

सुजाताला फोन आला तेव्हा ती मशीनशेजारी उभी होती. पोचेपर्यंत बोट लाल, टम्म, आणि सूज मनगटाकडे सरकलेली. डॉक्टरांनी बघितलं, बर्फ लावायला सांगितलं, औषध दिलं. म्हणाले, असे चावे दुखतात खूप, बहुतेक वेळा आपोआप बरे होतात. फोड काळा पडला किंवा ताप आला तर लगेच आणा. ताप आला नाही. फोडही आला नाही. आला तो इमारतीतल्या आयांच्या ग्रुपवर फोटोंचा पूर. कुठल्या कुठल्या देशांतले कोळी, सडलेल्या जखमा, हात जोडलेले इमोजी. तेजस्विनी, जिचा मुलगा शर्वरीबरोबरच मंजुळाबाईंकडे जाई, तिने मुलाला त्याच दिवशी काढून घेतलं आणि चाळीच्या मालकाला, भावेशशेठला, फोन केला.

भावेशशेठ वाईट माणूस नव्हता, पण त्याला कटकट नको होती. त्याने मंजुळाबाईंना निरोप दिला. ती भिंत फेकून द्या, माझा माणूस येऊन औषध मारेल. नाहीतर खोली खाली करा. मंजुळाबाई त्याच्या दुकानावर गेल्या आणि गिऱ्हाइकांसमोर सांगून आल्या की पोरं जिथे लोळतात आणि कानबाईचे गहू जिथे वाळतात तिथे विष मारायचं नाही, आणि भिंत जायची नाही. चिडल्या की त्यांची मराठी सुटते आणि अहिराणी येते. "हाई मनं घर शे," हे माझं घर आहे, एवढं शेवटी म्हणून त्या निघाल्या. भावेशशेठने मग सुजाताला फोन केला. बेन, छोकरी तुमची चावली गेली. तुम्ही जे बोलाल ते. तुमची तक्रार असेल तर रविवारी संध्याकाळी मी कुलूप लावतो, नसेल तर माझं काय जातं.

म्हणजे खोली राहायची की जायची, ते आता सुजातावर आलं.

प्रकाशचं उत्तर तयार होतं. त्यात डोकं लावण्यासारखं काय आहे, तो म्हणाला. बाई चांगली आहे, पण मुलगी आपली आहे. त्याचं चूक नव्हतं. म्हणूनच सुजाताला ते खोडता येईना. रविवारी दुपारी ती मंजुळाबाईंना तोंडावर सांगायला निघाली की उद्यापासून शर्वरी येणार नाही. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं.

चाळीच्या चौकात ऊन पडलं होतं आणि भिंत तिथे होती, सुटलेली. नळ्यांचा ढीग, आणि ढिगात मंजुळाबाई, एका हातात कारखान्यातला जुना हातमोजा, दुसऱ्या हातात कपडे बडवायचा धोका. एकेक नळी त्या दगडावर आपटत, उन्हात धरून आरपार बघत, मग बाजूला ठेवत. दारादारांत माणसं उभी होती. एक जण म्हणाला, मावशी, पेटवून द्या ना, शेकायला होईल. मंजुळाबाई म्हणाल्या, तुझी खाटही आण, दोन्ही एकदम पेटवू. हशा झाला.

सुजाताला बघून त्या उठल्या नाहीत. तेवढ्यात एका नळीतून पिवळा कोळी निसटला आणि फरशीवर धावला. सुजाता मागे सरकली. मंजुळाबाईंनी त्याच्यावर स्टीलचा पेला पालथा घातला, खाली पुठ्ठा सरकवला आणि कुंपणापलीकडच्या गवतात नेऊन झटकला.

"मारला का नाही?" सुजाताने विचारलं.

"मारलेत बरेच. हाच पेल्याखाली आला." त्या परत बसल्या. "ताई, धूर मी केला. माझ्या धुराने ते पोरीच्या खडूत जाऊन बसले. चूक माझी. पण चूक माझी म्हणून घर दुसऱ्याचं होत नाही."

ठरवून आणलेलं वाक्य सुजाताला आठवत होतं, पण त्याला आता जागा सापडेना. त्याऐवजी तिने विचारलं की खालच्या नळ्यांचं काय करणार. मंजुळाबाईंनी दाखवलं. सगळ्या नळ्यांची मागची तोंडं त्या पुठ्ठ्याने बंद करणार होत्या, रिकाम्या नळ्यांत चिंध्यांचे बोळे कोंबणार होत्या. सुजाता म्हणाली, एवढ्याने भागणार नाही. पोरांच्या नळ्या नकोतच. त्यांचं सामान झाकणाच्या डब्यांत जाईल, डबे मी आणते. गाद्या जमिनीवर नाहीत, खाटेवर, आणि रोज झटकून. आणि धूर परत कधीही नाही.

मंजुळाबाईंनी हातमोजा काढला. "डबे चालतील. खाट दिरांकडं आहे, ती आणायला मी जायची नाही. फळी टाकते विटांवर." हातमोजा झटकत त्या म्हणाल्या, "मोठा राहील."

"मोठा कशाला?"

"तुमच्याकडं नाही का? सहाव्या मजल्यावर?"

होता. गेल्याच महिन्यात माणूस बोलावून सगळ्या घरात औषध मारून घेतलं होतं, दोन दिवस डोळे चुरचुरत होते, आणि पुढच्याच आठवड्यात बाथरूमच्या खिडकीवर तसलाच एक चपटा बसला होता. सुजाताने तो कुणाला दाखवला नव्हता. खिडकी लावून घेतली होती, इतकंच. तिने आता हो म्हटलं. मंजुळाबाई हसल्या नाहीत. पुढची नळी उचलून त्यांनी दगडावर आपटली.

सुजाता स्कूटरपाशी आली. काळजी गेली नव्हती. उद्याही ती कामावर दहा वेळा फोनकडे बघणार होती, शर्वरी घरी आली की बोटं उघडून तपासणार होती, रात्री गादी झटकणार होती. पण काळजी आहे म्हणून त्या बाईचं दार बंद करायचं, आणि वर त्याला आईपण म्हणायचं, हे तिला जमणार नव्हतं. कोळ्यांना वगळून मूल वाढवायचं तर ते या सिल्वासात नाही, नाशिकला नाही, सहाव्या मजल्यावरही नाही. त्यापेक्षा हात घालण्याआधी बघ, हे शिकवणाऱ्या दोन बाया बऱ्या. त्यातली एक ते आत्ताच शिकली असली तरी.

प्रकाश चिडेल. चिडू दे. त्याला ती घरी जाऊन सांगेल, बसवून, शांतपणे, आणि विचारणार नाही. तेजस्विनी ग्रुपवर लिहील ते तिने लिहावं. मागे चौकात नळी आपटल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला.

संध्याकाळ व्हायला अवकाश होता. कुलूप घेऊन भावेशशेठ निघण्याआधीच बोलायला हवं होतं. सुजाताने पर्समधून फोन काढला आणि त्याचा नंबर लावला.