बंद न झालेला फोन

ती दुपार आजही आठवते, पण अर्धवट झोपेत पाहिल्यासारखी. ठाकुर्लीच्या आमच्या पोलीस चौकीत पंखा मंद फिरत होता आणि समोर कॉम्प्युटर कंपनीतला एक गृहस्थ बसला होता. त्याची पत्नी वारून अजून वर्ष व्हायचं होतं. तिच्यामागे तिचा फोनही घरातून नाहीसा झालेला. घरातलं वायफाय आमच्या जुन्या जीपसारखं रडतखडत चालायला लागलं, म्हणून त्याला काय काय जोडलंय ते त्याने स्कॅन करून पाहिलं. यादीत पत्नीच्या नावाचा फोन होता, आणि चालू होता.

त्याचा संशय घरच्या मोलकरणीवर. ती दिवसभर त्याच इमारतीत घरकाम करते, तेव्हा फोन तिच्याजवळच असणार, हा त्याचा तर्क. बाईला बोलावून महिला शिपायासमोर विचारपूस केली. चोरी केली नाही एवढंच ती म्हणाली आणि गप्प झाली. सोसायटीत बोभाटा झाला तर तिची सगळी कामं सुटणार होती. तरी गप्पच.

तिला चौकीत बसवून गृहस्थाला घरी जाऊन पुन्हा स्कॅन करायला सांगितलं. फोन अजून यादीत होता. म्हणजे तो बाईजवळ नव्हता. मग तिला घेऊन आम्हीच तिथे गेलो. वायफायचे डबे दोन होते, एक हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत. हॉलमधल्याची रेंज आत पोचत नव्हती. आतला डबा बंद केला की फोन यादीतून जायचा, सुरू केला की परत यायचा. म्हणजे फोन आतल्याच खोलीत होता.

आतल्या खोलीत त्याचे वडील पलंगावर बसले होते. पडद्यातून पिवळसर ऊन येत होतं. आम्ही उभे असतानाच उशीखालून दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज आला, "बाबा, जेवलात ना? आता गोळी घ्या."

गेलेल्या सुनेने फोनवर स्वतःच्या आवाजात अलार्म लावून ठेवला होता. म्हाताऱ्याने आमच्याकडे न बघता गोळी घेतली, वर पाणी घेतलं आणि मुलाला सांगितलं, "तिचा जुना फोन देऊन नवा घेणार म्हणालेलास. म्हणून लपवला." मुलगा दाराला धरून रडायला लागला.

मी बाईला विचारलं, तुला माहीत होतं?

"मीच तर चार्जिंगला लावून देते. आजोबा सांगू नको म्हणालेले. फोन गेला असता तर त्यांनी गोळी घेतली नसती, साहेब."

चौकशीत गप्प बसणारा स्वतःला वाचवतोय, असं आम्ही पोलीस धरून चालतो. त्या बाईने स्वतःवर चोरीचा आळ राहू दिला, तो एका म्हाताऱ्याची दुपारची गोळी चुकू नये म्हणून.