मी अक्काला पाडलं तेव्हा

धुळ्याहून पुतणीचा फोन आला तेव्हा मी अंगणात दादर ज्वारी पाखडत होते. “काकू, आई गेली...” एवढंच ती बोलली. मी सूप खाली ठेवलं. खरं सांगते, आधी मला हलकं वाटलं. माणूस गेल्यावर असं वाटावं याची लाजही वाटली, पण ती नंतर. अक्का कितीतरी महिने लेकीकडे अंथरुणाला खिळली होती, तिची सुटका झाली हे एक. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय तिच्याबद्दल चार ओळी लिहायचा मला हक्क नाही.

वत्सलाअक्का माझी चुलत जाऊ, वयानं बरीच मोठी. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात मी नवी सून म्हणून आले तेव्हा ती बचत गटासाठी दारोदार हिंडायची. बैठकीला या म्हटलं की कुणी येत नाही, हे तिनं लवकर ओळखलं. मग ती हिवाळ्यात शेतात भरिताचं आवतण द्यायला लागली. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून होईपर्यंत बायका जातात कुठे? तेवढ्यात ती विहिरींचा विषय काढायची. तिच्या हातचं भरीत इतकं तिखट असायचं, की खाल्ल्यावर विरोध करायलाही कुणाचं तोंड चालायचं नाही. अशाच एका दुपारी तिनं सुंभाच्या दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि आम्हाला विहिरीवर नेलं. पाणी किती हात खाली आहे ते दर महिन्याला मोजायचं आणि शाळेच्या भिंतीवर लिहायचं, असं ठरलं. पुरुष हसले. पण भिंतीवरचे आकडे महिन्यागणिक वाढायला लागले तसं त्यांचं हसू आटलं. मग नाल्यातला गाळ निघाला, बांध झाले, आणि पुढच्या निवडणुकीत गावानं अक्कालाच सरपंच केलं.

सरपंच झाल्यावर तिनं ग्रामसभेत ठराव करून घेतला, की गावात नवा बोअर घ्यायचा नाही. केळी लावायला निघालेल्यांना ते झोंबलं. पाच वर्षं त्यांनी दम धरला आणि निवडणूक लागल्यावर थेट आमच्या घरी आले. घरातलीच जाऊ समोर उभी केली की भावकीची मतं फुटतात, हा हिशेब आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. मला कळला नाही असं मी म्हणणार नाही. ह्यांनी आग्रह केला हे खरं, पण मलाही हौस होती. इतकी वर्षं अक्काच्या मागे दोरी धरून चालले, एकदा पुढे चालून पाहावं असं वाटलं. थोडक्या मतांनी मी निवडून आले. गुलाल अंगावर पडला तेव्हा अक्काच्या घराकडे पाहायची माझी छाती झाली नाही.

आता ती माझं तोंड पाहणार नाही असं मी धरून चालले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती दोरी घेऊन दारात. “चाल वं, विहिरी मोजाले.” मी गेले. बोअरचा ठराव मोडायचा कागद पुढे माझ्यासमोर आला, त्यावर मी सही केली नाही. ज्यांनी मला निवडून आणलं त्यांनी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. पण अक्का पुन्हा ग्रामपंचायतीची पायरी चढली नाही. तिला मी संपवलं असं लोक म्हणायचे, आणि मनातून मीही तेच म्हणायचे. तिला विचारायचा धीर मात्र कधी झाला नाही.

ती जाण्याच्या आठ दिवस आधी मी धुळ्याला गेले. ती खाटेवर, मी पायाशी. पाय चेपता चेपता मला रडूच आलं आणि मी एकदाचं विचारून टाकलं, अक्का, मी तुझं वाईट केलं का? ती म्हणाली,

“येडी, काब्र रडस? मी सरपंच व्हयनू तईपाईन बाया मनापुढे उभ्याच ऱ्हायेत. हारनू त्या सांजले बठ्ठ्या मना वट्टावर बसन्यात. माले त मोकळं वाटनं.”

सरपंच झाल्यापासून बायका तिच्यापुढे उभ्याच राहायच्या, हरली त्या दिवशी मात्र सगळ्या तिच्या ओट्यावर येऊन बसल्या. मला आठवलं. त्या संध्याकाळी तिच्या ओट्यावर बायकांची गर्दी दुरून दिसली होती. तिचं सांत्वन चाललंय असं समजून मी दार लावून घेतलं होतं. इतकी वर्षं मी उगीच झुरले, आणि ती मात्र हरून आपल्या जागी परत आली होती. धुळ्याहून परतताना एसटीत मला गाढ झोप लागली, इतकी की पाचोरा आल्यावर कंडक्टरनं उठवलं. ती जाण्याआधी हे विचारून झालं होतं, फोन आल्यावर हलकं वाटलं ते म्हणूनच.

तेराव्यानंतर विहिरी मोजायचा दिवस आला. मला वाटलं कुणी येणार नाही. अक्काच्या घराला कुलूप आहे, पण बायका सवयीनं तिथेच जमल्या होत्या. सरपंचबाई आल्या म्हणून शेजारच्या घरातून कुणीतरी लगेच खुर्ची आणली. मी बसले. त्या डोक्यावरचा पदर सावरत समोर उभ्या राहिल्या, कुणी काही बोलेना. मी उठले, खुर्ची उचलून भिंतीकडे सरकवली आणि ओट्याच्या गार फरशीवर मांडी घातली. मग त्या एकेक करत बसल्या, आणि सगळ्या एकदमच बोलायला लागल्या.