डोहाळजेवणातली खुर्ची

"अहो, पोरीला खाली बसायला शिकवलं नाहीत का? लाकूड दिलंत आम्हाला."

विहीणबाई मला म्हणाल्या. बोरिवलीत, त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, सगळ्या बायकांसमोर. बायका हसल्या.

माझ्या वैशालीला सातवा महिना होता. हिरवी साडी, फुलांचे दागिने. पुढ्यात सजवलेला पाट. ती भिंतीला धरून उभी. वाकायला जायची, थांबायची. ओठ पांढरे पडलेले.

मी दाराशी, चपलांजवळ. बायकांच्या कार्यक्रमात एकटा पुरुष. तिची आई तिच्या लग्नानंतर वर्षभरात गेली. माहेरची ओटी घेऊन यायला दुसरं कोण होतं? विक्रोळीत मी एकटा, कारखान्यातून रिटायर झालेला. विहीणबाई बँकेत ऑफिसर होत्या. त्यात मुलाकडची बाजू. त्यांच्यापुढे मी कधी मान वर केली नव्हती.

त्या पाटाकडे बघताना मला आमच्या घरातली सतरंजी दिसली. तिला बघायला आले होते त्या दिवसाची.

वैशालीची पाठ कॉलेजात असल्यापासून दुखायची. सकाळी तर अंग आखडलेलं असायचं. डॉक्टरांनी मणक्याचा संधिवात सांगितला होता. पाहुणे यायच्या आधी तिने विचारलं, "बाबा, मी स्टुलावर बसू?"

मी म्हणालो, "खालीच बस. आणि दुखण्याचं एक अक्षर बोलायचं नाही. स्थळ हातचं जाईल."

ती बसली. हसली. पाहुणे गेल्यावर मी आणि तिच्या आईने तिला धरून उठवलं.

सासरी ती बाथरूममध्ये जाऊन गोळी घ्यायची. दिवस राहिले तेव्हा फोन आला. "बाबा, गोळ्यांचं काय करू?"

डॉक्टरांना विचार, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बंद कर. बाळाला बाधतील. आणि घरात कळता कामा नये."

तिने सगळ्या एकदम बंद केल्या. तपासणीला सासू आत सोबत असायची, म्हणून तिथेही गप्प. एकदा म्हणाली, कंबर दुखते. सासूच बोलली, "ती काय, सगळ्यांचीच दुखते."

ते दुखणं तिने एकटीने काढलं. मला माहीत होतं.

हॉलमध्ये एकीने थट्टेत तिचे खांदे धरून खाली दाबले. वैशालीच्या तोंडून आवाज निघाला. बारीकसा. कोणाच्या लक्षातही आला नसेल.

मी ओटीची पिशवी खाली ठेवली. दाराबाहेरची वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि आत गेलो. गाणं थांबलं. पाट सरकवून खुर्ची ठेवली.

"बस, वैशू."

मग विहीणबाईंकडे वळलो. "तिला मणक्याचा संधिवात आहे. लग्नाआधीपासून. मी लपवायला लावलं. ती खुर्चीवर बसेल. आणि उद्या डॉक्टरांकडे मी तिच्याबरोबर येतो."

"म्हणजे फसवलंत आम्हाला."

"हो. तुमच्यापेक्षा तिला जास्त."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दिवस राहायच्या आधीच बोलायला हवं होतं. काही औषधं आधी बदलावी लागतात. काही गरोदरपणातही चालतात. मनाने घ्यायची नाहीत, तशी मनाने बंदही करायची नाहीत." संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी औषध ठरवलं, व्यायाम शिकायला पाठवलं.

बाहेर आल्यावर वैशाली म्हणाली, "खुर्ची तेव्हा द्यायची होती, बाबा."

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मी खोलीला रंग दिला, उंच पलंग आणला. ती आली नाही. नात झाल्याचं जावयाने फोनवर कळवलं.

येत्या रविवारी माझ्या पुतणीला बघायला येणार आहेत. तिचं डोकं असं दुखतं की दोन-दोन दिवस अंधारात पडून असते. भाऊ म्हणतो, "दादा, तू त्या दिवशी येऊ नकोस." मी पुतणीलाच विचारलं. ती म्हणाली, "काका, मला सांगायचंय."

मी जाणार आहे. पोहे यायच्या आधी ती बोलेल. स्थळ गेलं तर जाऊ दे. तिला गप्प करायला जो उठेल, तो माझा सख्खा भाऊ असला तरी आधी त्याला मला उचलून बाहेर टाकावं लागेल.