न रुसणारे व्याही

बंगळूरच्या जुन्या मराठी घरांत लग्न झालं आणि वरपक्ष रुसला नाही, असं सहसा होत नसे. उपम्यात काजू कमी, मानाच्या साडीचा काठ अरुंद, कॉफी चांदीच्या पेल्याऐवजी स्टीलच्या लोट्यातून. रुसायचंच म्हटलं की काहीही पुरतं. नवऱ्याचा काका तोंड फुगवून मांडवाबाहेर जाऊन बसला, की वधूपिता घाम पुसत म्हणायचा, "विठोजीअण्णांना बोलवा!"

विठोजी चिकपेटच्या एका दुकानात छत्तीस वर्षं साड्या उलगडून दाखवत आले होते. पन्नास साड्या विस्कटून "बघू मग" म्हणत उठलेल्या बाईला परत गादीवर बसवणारा माणूस तो, त्याच्यापुढे काका-मामांचा काय टिकाव लागणार! त्यांची रीत ठरलेली होती. रुसलेल्या माणसापुढे उभं राहायचं नाही, शेजारी खाली बसायचं. पाच मिनिटं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मग अर्धी अर्धी कॉफी. आणि "काय झालं" हे तर विचारायचंच नाही, कॉफी पोटात गेली की माणूस आपणच सांगतो. इतक्या वर्षांत एकही व्याही रुसलेला परत गेला नव्हता, याचा विठोजींना मनातून फार अभिमान. त्यांच्या बायकोचं, जमनाबाईंचं, म्हणणं एवढंच, की जगाची समजूत काढणाऱ्या ह्या माणसाला स्वतःची बायको रुसल्याचं तिसऱ्या दिवशी कळतं.

ह्या कलेचा खरा सराव घरातच झाला होता. धाकट्या भावाची, गिरीराजची, मुलगी भव्या जन्माची रुसकी. विठोजींना मूलबाळ नव्हतं, एकाच घरात वाढलेली ही पोरच त्यांची लेक. ती रुसली की कपाटामागे जाऊन बसायची, जेवायची नाही, आणि का ते काही केल्या सांगायची नाही. आईबापांनी हात टेकले की विठोजी कपाटापाशी फरशीवर फतकल मारून बसायचे. पुढे ती मोठी झाली, कॉम्प्युटर कंपनीत लागली, कपाटामागे मावेना. तेव्हापासून ती जिन्यात बसायला लागली, इतकाच काय तो फरक.

सत्त्याण्णव साली ह्या भव्यानं कंपनीतलाच हॉलंडचा पीटर पसंत केला. लग्नाला त्याची अकरा माणसं विमानानं आली. विठोजींनी कंबर कसली. चांदीचे पेले मागून आणले, मानाच्या चार साड्या जादा घेतल्या, आणि जयनगरच्या मंगल कार्यालयात मांडवापासून लांबची एक खोली मुद्दाम रिकामी ठेवली. रुसणाऱ्याला जागा नको?

त्या खोलीचं कुलूप कोणी उघडलंच नाही. पाहुण्यांची बस लालबागेपाशी बंद पडली, तर नवऱ्याचा बाप हेन्क, सहा फुटांवर चार बोटं उंच, खाली उतरून ढकलायला लागला. लाईट गेले तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिखट सारूनं, म्हणजे इकडच्या सारानं, डोळ्यांतून धारा लागल्या, तर आणखी मागितलं. आदल्या दिवशीच्या पंगतीला वाढपी कमी पडले, तेव्हा हेन्कनं सरळ सारूची बादली उचलली आणि वाढत सुटला. "देवा, व्याही वाढतोय," म्हणून विठोजी खांब धरून उभे राहिले.

फेट्याचं तर विचारू नका. "घट्ट होतोय," हेन्क म्हणाला. सैल केला. "आता बरा." झालं, संपलं! आपल्याकडच्या व्याह्यानं एवढ्या घट्ट फेट्यावर दोन दिवस रुसून काढले असते.

"बरं झालं की," जमनाबाई म्हणाल्या, "तुमचा जीव सुटला."

"माझा सुटला. पोरीचं काय?" विठोजी म्हणाले. "ह्यांच्यात कोणी रुसतच नाही गं. मग रुसलेल्याची समजूत काढायची कशी, हे ह्यांना कुठनं येणार? भव्या तिथं जिन्यात बसली, तर हे म्हणतील, बसलीय, बसायचं असेल तिला. आणि स्वतः जेवून घेतील."

जमनाबाईंना हसू आलं, पण विठोजी हसत नव्हते.

लग्नाच्या सकाळी ते खांद्यावर अंतरपाटाची घडी टाकून हेन्कच्या मागे मागे फिरत होते. अंतरपाट त्यांनीच दुकानातून निवडून आणला होता आणि धरणारही तेच होते. "एनी प्रॉब्लेम?" त्यांनी सातव्यांदा विचारलं. "नो प्रॉब्लेम!" हेन्क सातव्यांदा म्हणाला.

गिरीराजला राहवलं नाही. चारचौघांत म्हणाला, "अण्णा, पुरे की आता. ह्यांना मनधरणी लागत नाही. तुमचं इथं काही काम नाही, जावा, बसा निवांत."

"सरी," बरं, एवढंच कानडीत म्हणून विठोजी गेले. स्वयंपाकघरामागच्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. रुसायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं, आयुष्यात कधी सवडच झाली नव्हती. पण बसले ते उठवेना. अंतरपाट तसाच खांद्यावर राहिला.

मुहूर्त दहा वीसचा. दहाला शोधाशोध झाली आणि गिरीराज येऊन पुढ्यात उभा राहिला. "अण्णा, वेळ काय, काळ काय! झालं तरी काय तुम्हाला?" एका दमात त्यानं सगळे नियम मोडले. विठोजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग जमनाबाई आल्या. "आजवर दुसऱ्यांच्या समजुती काढल्यात, आता आपली आपण काढा," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावत निघून गेल्या.

त्यानंतर आली ती विहीण, पीटरची आई मारेका. अंगावर विठोजींनीच निवडलेली जांभळी साडी, ती नऊ सेफ्टीपिनांनी कशीबशी जागेवर ठेवलेली. दोन हातांत दोन चांदीचे पेले, एक भरलेला, एक रिकामा. ती त्या तेलकट पायरीवर विठोजींशेजारी खाली बसली आणि काही बोलली नाही. विठोजींनी चोरून घड्याळ पाहिलं. बरोबर पाच मिनिटं झाल्यावर तिनं अर्धी कॉफी रिकाम्या पेल्यात ओतून पुढे केली.

विठोजींनी एक घोट घेतला. मग चिकपेटात गिऱ्हाइकांपुरत्या शिकलेल्या इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"भव्यानं. तिला मुंडावळ्या बांधल्यात, उठता येत नाही. म्हणाली, खाली बसा, बोलू नका, कॉफी अर्धी अर्धी. आणि काय झालं ते विचारू नका." मारेकानं पदर सावरला. "मला विचारावंसं फार वाटतंय."

विठोजींना खुदकन हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरले. "ती रुसते," ते म्हणाले. "लहानपणापासनं. का ते सांगत नाही, जेवत नाही, जिन्यात जाऊन बसते. तुमच्या घरात कसं व्हायचं तिचं?"

मारेकानं विचार केला. "आमच्या घरात जिना आहे," ती म्हणाली. "अरुंद आहे. पण दोघी मावू."

विठोजींनी पेल्यात पाहिलं. आणखी एक घोट घेतला. एरवी त्यांनी मुकाट्यानं गिळली असती, व्याह्यांकडची कॉफी ती.

"साखर नाही ह्यात," ते सरळ म्हणाले. "तिला दोन चमचे लागतात. लक्षात ठेवा."

मारेकानं दोन बोटं वर करून दाखवली, आणि विठोजी अंतरपाट झटकत उठले.