आज कोण ढकलणार?

जुन्या राजाराण्यांच्या कथांतली नाती आमच्या समोरच्या मावशींइतकी कोणी उलटीपालटी केली असतील, असं मला वाटत नाही. शुक्रवार पेठेत आमच्या दारासमोर त्यांचं दार. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा रांगत होता. पुढे नवरा गेला, पोटी काही झालं नाही, आणि घरात मावशी व तो मुलगा एवढीच माणसं उरली.

तेव्हा सिनेमा अजून मुका होता, त्यामुळे बोलकी करमणूक म्हणजे गल्लीत तुणतुणं वाजवत येणारा गोंधळी. त्याची हुकमी कथा एकच. राजाची दुसरी राणी सावत्र मुलाला विहिरीत ढकलते. तो सुरू झाला की मावशी पिठाच्या हातांनी बाहेर येत.

"सावत्र आई नगं. चुलती कर."

"अवं मावशी, कथा लई जुनी हाय."

"मग चुलती काय नवी हाय व्हय?"

आणि सुपातली ज्वारी त्याच्या झोळीत पडे. पुढच्या खेपेपासून चुलतीने ढकललं. त्यावर कोपऱ्यावरच्या काकू फुगल्या, म्हणून पाप आत्याच्या माथी आलं. नेमकी माझी आत्या जेऊरहून आली होती. तिने कथा ऐकली आणि ताटावरून उठली. मग मामी झाली. शेवटी तर शेजारीण झाली, तेव्हा आमच्या आईने मावशींना विरजण द्यायला कां-कूं केलं. गोंधळी बिचारा तुणतुणं जुळवायच्या आधी विचारून घेई, "मावशी, आज कोन ढकलनार?" पुढे आत्याने जेऊरच्या बाजारात तीच कथा ऐकली, तर तिथे मामी ढकलत होती. एकाच कथेत गावागणिक नाती का बदलतात, याचा शोध एखादा विद्वान कधी घेईल, तर त्याने आमच्या समोरच्या दारापासून सुरुवात करावी.

मावशी मुलाला कधी रागावत नसत. ते काम आमच्या आईकडे होतं. तो शाळा चुकवून कडुनिंबावर चढून बसला की मावशी धावत येत. "वहिनी, जरा बोला की त्याला. मी बोलले तर लोक म्हनतील, सावत्र हाय म्हनून बोलती." आई चुलीवरची भाकरी उतरवून जाई, नसलेला राग आणून त्याला फैलावर घेई, आणि दाराआडून मावशीच म्हणत, "पुरे वहिनी, लई झालं!"

मुलगा मोठा झाला, गिरणीत लागला. मोहोळची मुलगी ठरली. लग्नानंतरच्या गोंधळासाठी व्याह्यांनी हौसेने आपला गोंधळी आणला. त्याला आमच्या पेठेची वहिवाट कुठली ठाऊक! संबळ वाजला आणि त्याने सावत्र आईच विहिरीवर आणून उभी केली. आम्ही सगळे जमिनीकडे पाहू लागलो. मावशी उठल्या, पण समोर व्याही बसले होते. अंगावर हळद असलेल्या मुलाने त्यांचा पदर ओढला.

"बस की गं आई. गाऊ दे की त्याला. त्यात आपलं कोन हाय?"

तो समजूत घालत नव्हता. त्याला खरंच कथा ऐकायची होती. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग खाली बसल्या. राजपुत्र विहिरीतून वर आला, राणीला शिक्षा झाली, तेव्हा सर्वांत मोठ्याने मावशीच म्हणाल्या, "बरं झालं सटवीचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चूल पेटवत होती. समोरून आवाज आला, "ऊन डोक्यावर आलं की रं मेल्या! नव्या नवरीनं अंगण झाडलं, आन् तू अजून लोळतुयास व्हय?" एवढ्या वर्षांत त्या घरातून असा आवाज आम्ही ऐकला नव्हता. आई फुंकणी हातात घेऊन दारात आली.

"चला, आपली नोकरी गेली," ती म्हणाली, आणि मावशींचं बोलणं संपेपर्यंत तिथून हलली नाही.