गुळाचा आळ

डिंभ्याच्या तानूबाईनं उभा जन्म मेंढरं राखली, पण कुणाचं उणंदुणं कधी ऐकून घेतलं नाही.

पाच वर्षं तिला शुगरची गोळी होती. यंदा खोकला हटेना, म्हणून छातीचा एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरा डाग दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टीबी सहसा वरच्या अंगाला दिसतो. शुगरवाल्यांना खालीही होतो. थुंकी तपासू."

टीबीच निघाला. गोळ्या सुरू झाल्या, महिन्यात खोकला बसला आणि शुगर चढली. एकशेचाळीसवरची थेट अडीचशेवर!

सून अश्विनीनं गुळाची ढेप कपाटात घालून कुलूप लावलं. "आत्या, खाल्ला आसंल तर सांगा की. कोण मारतंय का?"

"सांगाया आधी खाल्ला तर पायजे!"

मुलगा दत्ता म्हणाला, "आये, शुगर मोजायचं मशीन खोटं बोलंल व्हय? उचल भंडारा."

देवापुढचा भंडारा हातात घेऊन त्या घरात कुणी खोटं बोलत नाही. चिमूटभर हळद उचलली असती, की तिथंच मिटलं असतं. खंडोबाचा रविवार तिनं कधी मोडला नव्हता. पण ती उसळली, "गुळाच्या खड्यापायी मल्हारीला साक्षीला बोलावू? त्यो काय तुमच्या ढेपंचा राखणदार हाय? न्हाई उचलत, जा!"

उचलला नाही म्हणजे खाल्लाच, असं घरानं धरलं.

दुसऱ्या दिवशी एस.टी. आली नाही. तानूबाई दुधाच्या टेम्पोत बसून घोडेगावला निघाली. पिशवीत एक्स-रे आणि गोळ्यांची सगळी रिकामी पाकिटं. दत्ता गाडी घेऊन मागून धावला.

"बाई, गूळ म्या खाल्ला न्हाई," ती दवाखान्यात उभ्याउभ्याच म्हणाली. "दुसरं कारण हुडका."

बाईंनी टीबीच्या आणि शुगरच्या गोळ्यांची पाकिटं शेजारी ठेवून पाहिली. "टीबीच्या औषधानं शुगरच्या गोळीचा जोर कमी होतो. पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं, चुकलं माझं. शुगरचं औषध बदलते. टीबीची मात्र एकही गोळी चुकवू नका."

दत्ताची मान खाली गेली.

घरी येताच तानूबाईनं देव्हाऱ्याकडं बोट केलं. "आता तू उचल. पुन्यांदा आयवर आळ घेणार न्हाई, म्हण. ह्यो गुळाचा सवाल न्हाई, माझ्या शब्दाचा हाय."

दत्तानं भंडारा उचलला. अश्विनीनं गुपचूप कपाटाची किल्ली पुढं केली.

"ठिव तुझ्यापशीच," तानूबाई म्हणाली. "मला कुठं गूळ खायचाय!"